चिठ्ठ्या तीन, रुग्ण एकच

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ रोजी देशात अमलात आला. त्याच्या एकतिसाव्या कलमाने सरकारांवर ज्या जबाबदाऱ्या टाकल्या, त्यांतल्या दोन विशेष महत्त्वाच्या आहेत. सरकारी आरोग्य संस्थांतील आणि तुरुंगांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मनोविकारांवरील प्राथमिक व तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण द्यावे, ही पहिली. मनोविकार क्षेत्रातील व्यावसायिकांची संख्या कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न करावा, ही दुसरी. ही मुदत मे २०२८ मध्ये संपते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार भारतात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण ०.७५ होते, ते किमान तीन असावे, अशी अपेक्षा आहे. हे अंतर उरलेल्या काळात भरून निघणे अशक्यप्राय आहे, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाही.

मुदत जवळ येईल तशी चर्चा संख्येभोवती फिरू लागेल. किती पदे मंजूर, किती भरलेली, किती जिल्ह्यांत तज्ज्ञ आहेत, असे तक्ते प्रसिद्ध होतील. ते आवश्यकच आहेत. परंतु तज्ज्ञ उपलब्ध असूनही रुग्णाचे नुकसान होऊ शकते, ही गोष्ट या तक्त्यांत उमटत नाही. एकाच रुग्णाला एक डॉक्टर मनोविकाराचे औषध देतो, दुसरा रक्तदाबाचे, तिसरा गुडघेदुखीचे. आणि तिन्ही औषधांची एकत्र यादी कोणाकडेच नसते. तज्ज्ञांची कमतरता हा एक प्रश्न आहे आणि तज्ज्ञ व इतर डॉक्टर यांच्यातील तुटलेला संवाद हा दुसरा. पहिला सुटला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. हैदराबादच्या सुलतान बाजारात हे जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. आणि या दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत मोलाचे भारतीय उत्तर एकेकाळी गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत शोधले गेले होते.

एका बाजारातील सारे वैद्यक

सुलतान बाजार हा ब्रिटिश रेसिडेन्सीच्या छायेत वाढलेला बाजार. कोठी, बडी चावडी, एसामिया बाजार आणि जांबाग या लगतच्या वस्त्यांत हैदराबादच्या मराठी समाजाची जुनी मुळे आहेत. विवेक वर्धिनी शिक्षण संस्था, मराठी साहित्य परिषद आणि मराठी ग्रंथसंग्रहालय याच परिसरातील. साड्यांच्या दुकानांमुळे बाजाराचे नाव झाले असले, तरी त्याचे खरे वजन वैद्यकीय आहे. सरकारी प्रसूती रुग्णालय येथे आहे. कान-नाक-घशाचे सरकारी रुग्णालय जवळच आहे. १८४६ साली सुरू झालेल्या हैदराबाद वैद्यकीय शाळेची वारस असलेले उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. इंदरबागेत औषधांचा घाऊक बाजार भरतो. याहून महत्त्वाचे म्हणजे तेलंगणच्या आरोग्य प्रशासनाचे आवार सुलतान बाजारातच आहे. सार्वजनिक आरोग्य संचालनालय, वैद्यकीय शिक्षण संचालनालय आणि सरकारी रुग्णालयांसाठी औषधे खरेदी करणारे महामंडळ यांचे पत्ते एकाच आवाराचे आहेत.

म्हणजे औषध लिहिणारा, विकणारा, शिकवणारा, खरेदी करणारा आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा, असे सारेच येथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अशा ठिकाणी राहणारी पंचावन्न वर्षांची एक स्त्री कल्पून पाहावी. तिला द्विध्रुवीय मनोविकार आहे. उन्माद आणि नैराश्य यांचे हेलकावे थांबावेत म्हणून मानसोपचारतज्ज्ञाने तिला लिथियम सुरू केले आहे. त्यावर ती काही वर्षे स्थिर आहे. मध्यंतरी रक्तदाब वाढला, म्हणून घराजवळच्या डॉक्टरांनी लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारी थायझाइड वर्गातील गोळी दिली. गुडघे दुखू लागले, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञाने डायक्लोफेनॅक लिहिले. तिन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर आहेत. तरीही थायझाइड आणि डायक्लोफेनॅक या दोन्ही औषधांनी मूत्रपिंडावाटे होणारा लिथियमचा निचरा मंदावतो आणि रक्तातील त्याचे प्रमाण चढू लागते. त्यात हैदराबादचा एप्रिल-मे. अंगातील पाणी घटते, तसे ते आणखी चढते. हात थरथरतात, तोल जातो, जुलाब होतात, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, जुना आजार उलटला. जुलाबांसाठी चौथा डॉक्टर चौथी चिठ्ठी लिहितो. लिथियमच्या उपयुक्त आणि विषारी मात्रांत फारच थोडे अंतर असते. वेळेवर रक्ततपासणी झाली नाही, तर मूत्रपिंड आणि मेंदू या दोहोंना कायमची इजा पोहोचू शकते.

या उदाहरणात कोणीही हलगर्जी केलेली नाही. प्रत्येक डॉक्टरने आपल्यासमोरचा अवयव नीट पाहिला आहे. संपूर्ण यादी पाहण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नाही.

न दिसणाऱ्या गाठी

लिथियमचे उदाहरण अपवादात्मक नाही. व्हॅल्प्रोएट हे अपस्मार आणि द्विध्रुवीय मनोविकार या दोन्हींत वापरले जाणारे जुने औषध. गरोदरपणी ते चालू राहिले, तर सुमारे दहापैकी एका बालकात जन्मजात व्यंग आढळते. मेंदूच्या विकासातील अडचणींचे प्रमाण तर तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. हे प्रसूतितज्ज्ञाला माहीत असते. पण पहिल्या तपासणीला ती स्त्री त्यांच्यासमोर येते, तेव्हा गर्भाच्या मज्जासंस्थेची घडण होण्याचे आरंभीचे आठवडे बहुधा उलटून गेलेले असतात. सावधगिरीचा क्षण त्याआधी, मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत येऊन गेलेला असतो. उलट बाजूने, मनोविकारासाठी कार्बामाझेपिन घेणाऱ्या स्त्रीला दुसऱ्या दवाखान्यातून गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, तर त्या गोळ्यांचा प्रभाव घटतो आणि नको असलेली गर्भधारणा होते. ओलान्झापाइनने वजन व रक्तातील साखर वाढते. ती साखर मधुमेहाच्या डॉक्टरकडे नवा आजार म्हणून नोंदली जाते. क्लोझापाइन घेणाऱ्याची पांढऱ्या रक्तपेशींची मोजणी सुरुवातीला दर आठवड्याला व्हावी लागते. त्याला ताप आला, तर तो साधा ताप समजून चालत नाही. नैराश्यावरील काही औषधांसोबत ट्रामाडॉल हे वेदनाशामक दिले, तर झटके येण्याचा धोका वाढतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन मनोविकारावरील अनेक औषधांचा रक्तातील अंश कमी करते, आणि बरा होत आलेला रुग्ण पुन्हा का घसरला, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

तेलंगणात यात एक वेगळीच गाठ आहे. ताडीची नशा वाढवण्यासाठी तिच्यात अल्प्राझोलाम, डायझेपाम किंवा क्लोरल हायड्रेट मिसळण्याचे प्रकार तेथे वर्षानुवर्षे उघडकीस येत आले आहेत. ‘कल्लू कंपाउंड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ताडीच्या गुत्त्यांवर रोज जाणारा श्रमिक मनोविकारावरील औषध घेत असतो, पण ते त्याला ठाऊक नसते आणि त्याच्या डॉक्टरलाही. अबकारी खात्याने कारवाई केली किंवा तो अपघातामुळे रुग्णालयात पडून राहिला, की हे औषध एकाएकी तुटते. मग झटके येतात, भास होतात, झोप उडते. अपस्मार म्हणून वा वेड म्हणून उपचार सुरू होऊ शकतात. अशा वेळी जनरल वॉर्डातील डॉक्टरने मानसोपचारतज्ज्ञाला एक फोन करणे आणि त्याने ‘ताडी पितो का, कुठे पितो’ एवढे विचारायला सुचवणे, हेच निदानाचे निम्मे काम असते.

औषध सुरू करणाऱ्यापेक्षा बंद करणाऱ्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या सहसा काही आठवड्यांपुरत्या दिल्या जातात. तज्ज्ञाला वाटते, घरचा डॉक्टर त्या हळूहळू कमी करील. घरच्या डॉक्टरला वाटते, तज्ज्ञाने लिहिलेल्या औषधाला आपण हात कसा लावावा. औषध दुकानदार जुन्या चिठ्ठीवर पट्टी काढून देतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही औषधे मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. ती विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. अर्थात रुग्णाच्या औषधांचा सर्वांत सलग इतिहास पुष्कळदा कोपऱ्यावरच्या दुकानातील वहीत असू शकतो. तो निरीक्षकासाठी जपला जातो. उपचार करणाऱ्यांच्या उपयोगी पडत नाही.

औषधाच्या धोक्याविषयी दोन वैद्यांनी एकत्र बसण्याचा प्रसंग या परिसराला नवा नाही. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेचा वाद सोडवण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग भरवले. दुसऱ्या आयोगासाठी निजाम सरकारच्या खर्चाने लंडनहून लॉडर ब्रंटन हे औषधशास्त्रज्ञ आले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, असा निष्कर्ष निघाला. ब्रंटन यांनीही तो मान्य केला. पुढे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी हृदय एकाएकी बंद पडण्याचा धोकाही खरा असल्याचे दाखवले. दोन जाणकारांचे एका बैठकीत एकमत झाले, एवढ्याने औषधाचा प्रश्न मिटत नाही. औषध चालू असेतो निरीक्षणही चालू राहावे लागते.

एकच आवार, दोन संचालनालये

मनोविकारांची सेवा उर्वरित वैद्यकापासून तुटली, तिला इतिहास आहे. हैदराबाद संस्थानात मनोरुग्णांची सोय आरंभी तुरुंगाच्या आवारात होती. नंतर हे रुग्णालय मराठवाड्यातील जालना येथे गेले आणि १९५३ साली तेथून हैदराबादच्या एर्रागड्डा भागात आले. तुरुंग, मग दूरचे गाव, मग शहराची त्या काळची वेस, असा हा प्रवास आहे. मराठीत ठाणे किंवा येरवडा यांची नावे जशी चेष्टेत घेतली जातात, तशीच हैदराबादेत एर्रागड्ड्याची घेतली जाते. सामान्य रुग्णालयातील डॉक्टरांच्या पिढ्यान् पिढ्यांनी मनोरुग्णाला ‘तिकडे पाठवणे’ हेच उपचार मानले आणि ‘तिकडून’ उलट पत्र येण्याची अपेक्षाही ठेवली नाही.

आज हे अंतर भौगोलिक राहिलेले नाही. हैदराबाद मेट्रोच्या एकाच मार्गावर उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आणि एर्रागड्डा अशी दोन्ही स्थानके आहेत. रुग्ण गाडी न बदलता एका टोकाहून दुसरीकडे जाऊ शकतो. त्याची माहिती मात्र तितक्या सुखाने जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे सार्वजनिक आरोग्य संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. एर्रागड्ड्याची मानसिक आरोग्य संस्था आणि अध्यापन रुग्णालये वैद्यकीय शिक्षण संचालनालयाच्या. बदल्या, अहवाल, औषधांची मागणी, सारे वेगळ्या वाटांनी चालते. दोन्ही संचालनालये सुलतान बाजारातील एकाच आवारात असल्याने, या दोन वाटांची गाठ घालून देणारा आदेश फार दूरवरून यायला नको.

शहरातील गरीब वस्त्यांसाठी २०१८ पासून उघडलेले बस्ती दवाखाने ही तेलंगणची जमेची बाजू आहे. एक डॉक्टर, एक परिचारिका, मोफत औषधे, असे त्यांचे साधे रूप. झोप न येणे, छातीत धडधड, अंग दुखणे, जीव घाबरणे या तक्रारी पहिल्यांदा तेथेच पोहोचतात, आणि त्यांच्यामागे पुष्कळदा नैराश्य वा चिंताविकार असतो. निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांत त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार आढळला होता. सामान्य मनोविकार असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. हे सारे रुग्ण एर्रागड्ड्याला किंवा बांबोळीला पाठवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. त्यांचे उपचार प्राथमिक डॉक्टरनेच करायचे आहेत. तज्ज्ञाने त्याच्या पाठीशी कसे उभे राहावे, एवढाच प्रश्न आहे.

गोव्याने काय दाखवले

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पर्वरीच्या संगत संस्थेने, विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली, गोव्यात ‘मानस’ हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०१० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २४ आरोग्य केंद्रे निवडण्यात आली; बारा सरकारी आणि बारा खासगी. नैराश्य व चिंताविकाराची लक्षणे असलेले २,७९६ रुग्ण त्यात सामील झाले. निम्म्या केंद्रांत तीन जणांची साखळी उभी करण्यात आली. प्रशिक्षण दिलेला, पण डॉक्टर नसलेला समुपदेशक रुग्णाशी बोलणार, त्याला आजार समजावणार, औषध चुकले तर गाठणार. गरज असेल तेथे केंद्राचा डॉक्टर नैराश्यावरील औषध लिहिणार. भेट देणारा मानसोपचारतज्ज्ञ या दोघांवर देखरेख ठेवणार आणि अवघड रुग्ण पाहणार.

उरलेल्या केंद्रांना वाऱ्यावर सोडलेले नव्हते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. तेथील डॉक्टरांनाही रुग्णांच्या चाचणीचे निकाल कळवले जात होते आणि उपचारांची मार्गदर्शिका दिलेली होती. म्हणजे माहिती दोन्हीकडे पोहोचत होती; फरक होता तो माणसांच्या साखळीचा. सहा महिन्यांनी निदान पक्के असलेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत साखळी असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के बरे झाले होते. ती नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. निदान कळवणे आणि मार्गदर्शिका देणे एवढ्याने काम भागत नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा पुरावा भारतात त्यापूर्वी नव्हता.

खासगी दवाखान्यांत मात्र साखळीचा वेगळा लाभ दिसला नाही. तेथे ती असलेल्या ठिकाणी ६४.१ टक्के आणि नसलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. हा निकाल अडगळीत टाकण्याजोगा नाही. त्याचा एक अर्थ असा लावता येतो की, गोव्यातील घरचा डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो, त्याच्या घरातील अडचणी जाणतो, तो पुन्हा आला नाही तर चौकशी करतो. समुपदेशकाने जे सरकारी केंद्रात नव्याने आणले, ते येथे काही प्रमाणात आधीपासूनच होते. दोन्ही निकालांतून एकच सूत्र निघते. रुग्णाचा पाठपुरावा करणारे ओळखीचे माणूस असले की तो सुधारतो. ते कोणत्या पदाचे आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

मानस हा सामान्य मनोविकारांपुरता होता. शारीरिक आजारांची औषधेही चालू असलेल्या रुग्णांचे काय, याचे उत्तर दहा वर्षांनी मिळाले. चेन्नई, विशाखापट्टणम, दिल्ली आणि बंगळूर येथील मधुमेह उपचार केंद्रांत ४०४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आले. या सर्वांना मधुमेह आणि नैराश्य दोन्ही होते. एका गटासाठी डॉक्टर नसलेला समन्वयक नेमला होता. तो प्रत्येकाची साखर, रक्तदाब, मनःस्थिती आणि औषधे यांची नोंद ठेवी. मधुमेहतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक दिवशी या समन्वयकासोबत बसून नोंदी पाहत आणि औषधांत बदल सुचवत. तज्ज्ञाला प्रत्येक रुग्ण समोर बसवून तपासावा लागत नसे. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्याने घटणे आणि साखर, रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांपैकी एक तरी सुधारणे, हे दोन्ही साधलेल्यांचे प्रमाण या गटात ७१.६ टक्के होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५७.४ टक्के. एका तज्ज्ञाचा एक तास अनेक रुग्णांपर्यंत पोहोचवण्याचा हा मार्ग आहे, आणि लाखामागे एकही तज्ज्ञ नसलेल्या देशाला तो परवडणारा आहे.

अडते कुठे

मग ही रीत सर्वत्र का रुजली नाही? पहिली अडचण वेळेची आहे. सरकारी बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. दुसऱ्या डॉक्टरला फोन लावण्यात तीच संपतात. दुसरी पैशांची. खासगी तज्ज्ञाला रुग्ण तपासल्याचे शुल्क मिळते, सहकाऱ्याला सल्ला दिल्याचे मिळत नाही. तिसरी जबाबदारीची. काही बिघडले तर कोणाला जाब विचारणार, या भीतीने प्राथमिक डॉक्टर औषध लिहायचे टाळतो आणि तज्ज्ञ न पाहिलेल्या रुग्णाविषयी बोलायचे टाळतो. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी या शंकेचे निरसन केले आहे. एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला दूरध्वनीवर वा दृक्‌श्राव्य माध्यमातून घेता येतो; मात्र उपचारांची जबाबदारी समोर रुग्ण असलेल्या डॉक्टरकडेच राहते. केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली, तीच मुळी डॉक्टर-ते-डॉक्टर सल्ल्यासाठी.

चौथी अडचण सर्वांत नाजूक, आणि ती रुग्णाच्या बाजूची आहे. मनोविकाराचे औषध चालू आहे, हे घरच्या डॉक्टरला सांगायला रुग्ण कचरतो. तो डॉक्टर सासूलाही तपासतो आणि शेजाऱ्यालाही. सुलतान बाजारासारख्या दाट वस्तीत, किंवा गोव्यातील एखाद्या वाड्यावर, गोष्ट फुटायला वेळ लागत नाही. लग्न जुळायचे असते, नोकरी टिकवायची असते. म्हणून दोन चिठ्ठ्या दोन पिशव्यांत ठेवल्या जातात. कायद्याच्या तेविसाव्या कलमाने मनोरुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. उपचारांसाठी आवश्यक तेवढी माहिती दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला देण्यास मात्र मुभा ठेवली आहे. ‘तेवढी’ हा शब्द महत्त्वाचा. डायक्लोफेनॅक लिहिणाऱ्या डॉक्टरला लिथियम चालू असल्याचे कळायला हवे. रुग्णाने उन्मादाच्या भरात काय केले, हे कळण्याचे कारण नाही. आरोग्याच्या नोंदी संगणकीय खात्यात एकत्र होऊ लागल्या आहेत, त्यात ही रेषा आखली गेली नाही, तर लोक खरे सांगणेच बंद करतील आणि यादी पूर्ण दिसूनही खोटी ठरेल.

करता येण्याजोगे

मे २०२८ पर्यंत हजारो तज्ज्ञ निर्माण होणार नाहीत. त्यांच्यावाचून होण्याजोग्या गोष्टी मात्र थोड्या नाहीत. दीर्घकाळ औषधे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाकडे एकच औषधपत्रिका असावी. तिच्यावर निदान लिहायची गरज नाही. औषधाचे नाव, मात्रा, कोणी सुरू केले, कोणत्या तारखेपर्यंत आणि थांबवण्याचा निर्णय कोणाचा, एवढे असले तरी पुरे. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. लिथियम, व्हॅल्प्रोएट, क्लोझापाइन अशा मोजक्या औषधांसोबत एक सूचनापत्र रुग्णाच्या भाषेत जावे. हैदराबादेत ते तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठीत हवे. गोव्यात कोंकणी व मराठीत. जिल्ह्यातील मानसोपचारतज्ज्ञाने आठवड्यातून एक ठरावीक तास प्राथमिक डॉक्टरांसाठी राखून ठेवावा आणि तो त्याच्या कामाच्या तासांत मोजला जावा. रुग्ण परत पाठवताना तज्ज्ञाने चार ओळींचे उलट पत्र लिहिणे सक्तीचे असावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा लोकांसाठी आहे. तिच्यासारखीच केवळ डॉक्टरांसाठी एक वाहिनी प्रत्येक राज्याला उभारता येईल.

तेलंगणपुरते पाहिले, तर पहिले पाऊल सुलतान बाजारातील दोन संचालनालयांनी संयुक्त परिपत्रक काढणे हे आहे. औषध खरेदी करणारे महामंडळही त्याच आवारात असल्याने, लिथियमचा पुरवठा जेथे होतो तेथे रक्तातील लिथियम मोजण्याची सोयही असावी, अशी अट त्याच बैठकीत घालता येईल.

गोव्याची स्थिती अधिक अनुकूल आहे. राज्य लहान आहे. बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालय शेजारी-शेजारी आहेत. प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचे अंतर फार नाही. आणि येथेच सिद्ध झालेल्या प्रयोगाचा दाखला हाताशी आहे. मानसमधील समुपदेशक संशोधनाच्या निधीवर नेमलेले होते. निधीची मुदत असते, आजाराला नसते. सरकारी आरोग्य केंद्रात हे काम करणारे पद कायम आस्थापनेवर असावे की नाही, हा गोव्यातील अर्थसंकल्पाचा प्रश्न आहे, आणि ४२.५ व ६५.९ या दोन आकड्यांमधील तफावत हा त्या मागणीचा सर्वांत भक्कम आधार आहे.

कायद्याच्या मुदतीचा हिशेब मांडताना सरकारे तज्ज्ञांची शिरगणती करतील. नागरिकांनी तिच्या जोडीला आणखी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या तालुक्यातील एखादा मनोरुग्ण आज जी औषधे घेत आहे, त्यांची संपूर्ण यादी कोणाकडे आहे? त्याचे उत्तर म्हणून एखाद्या जबाबदार व्यक्तीचे नाव सांगता आले, तर मुदत चुकली तरी काही साधले, असे म्हणता येईल. उत्तर ‘रुग्णाच्या पिशवीत’ असे असेल, तर तज्ज्ञांची संख्या दुप्पट होऊनही लिथियम आणि डायक्लोफेनॅक यांची गाठ त्याच पिशवीत पडत राहील.